सासऱ्यांचं न पाहिलेलं इंदूर

माझं लग्न ठरत होतं तेव्हा आईने एकच शंका काढली होती. "आडनावावरनं इंदूरची माणसं दिसत्यात. एवढ्या लांब पोरगी द्यायची का?" मुलगा राहत होता बिबवेवाडीत. आमच्या हडपसरहून स्वारगेटची बस धरायची, पुढे रिक्षा करायची, की आलं सासर. वडील म्हणाले, "अगं, ती पुण्याचीच हायती." त्यावर आई म्हणाली, "मग नावात कशाला इंदूर घेऊन फिरत्यात?" या प्रश्नाचं उत्तर आमच्या सासरी आजवर कुणालाही देता आलेलं नाही.

आडनाव मी इथे लिहीत नाही. इंदूर घ्या आणि मराठी माणसं गावाच्या नावाला जे शेपूट जोडतात ते जोडा, झालं आमचं आडनाव. त्या नावाचं शहर आहे, शहराला विमानतळ आहे, आणि तेच आडनाव लावणारी नामवंत मंडळीही बरीच आहेत. कुणी गाणारे, कुणी खेळणारे, कुणी नाटकातले. त्यातलं एकही आमचं कुणी लागत नाही. पण हे लोकांना पटतच नाही. बँकेत कागद पुढे केला की काचेपलीकडून हमखास विचारणा, "त्या गाणाऱ्यांच्या तुम्ही कोण?" सुरुवातीला मी खरं सांगायचे. समोरच्याचा चेहरा असा पडायचा की मलाच अपराधी वाटायचं. हल्ली मी नुसती हसते, त्यामुळे कामं लवकर होतात.

त्यांच्यातल्या कुणाला पुरस्कार मिळाला की आमच्याकडे पेढे मागतात. एकाचं नाव मध्यंतरी भलत्याच कारणाने पेपरात आलं, तर आठवडाभर आमचा दूधवाला पिशवी दारात ठेवून न बोलता जात होता. एकदा माझ्या बहिणीने कोकणातून आंब्यांची पेटी पाठवली. पत्त्यावर आडनाव ठळक आणि बिबवेवाडी बारीक. पेटी आधी इंदूरला गेली, तिथे फिरली आणि मग पुण्यात आली. दार उघडलं तेव्हा खोक्यातून आमरस ठिबकत होता. माझे सासरे तो खोका बघून म्हणाले, "चला, घरातलं कुणीतरी जाऊन आलं." तेव्हा आम्ही सगळे हसलो, पण त्या वाक्यात काय होतं ते मला फार उशिरा कळलं.

सासऱ्यांना आम्ही बाबा म्हणतो. सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले, अंगाने किरकोळ, आवाजाने खणखणीत. बिबवेवाडीच्या आमच्या पंचक्रोशीत इंदूर म्हटलं की बाबा. कुणी लग्नाला निघालेलं असो, कुणी देवदर्शनाला, कुणी मुलीचं स्थळ बघायला, बाबांना भेटल्याशिवाय माणसं तिकीट काढत नसत. बाबा त्यांना खुर्चीत बसवायचे, चष्मा पुसायचे आणि सुरू व्हायचे. "पोहे सकाळीच खायचे, दुपारी खाल तर पस्तावाल. वर जिरावण मसाला मागून घ्यायचा, लाजायचं नाही. सराफ्यात दिवसा सोनं विकतात आणि रात्री तिथेच खाण्याच्या गाड्या लागतात, तेव्हा जेवून जाऊ नका. राजवाड्याकडून आलात की दुसरी गल्ली." माणूस खूश होऊन जायचा. परत आला की शेवेचं पाकीट आणून द्यायचा आणि म्हणायचा, "बाबा, अगदी तुम्ही सांगितलंत तसंच!"

नवीन लग्न झालेलं, मला काय ठाऊक? मी एकदा पोळ्या लाटताना सहज विचारलं, "बाबा, मला कधी दाखवणार तुमचं इंदूर?" बाबा पेपर उचलून गॅलरीत गेले. सासूबाईंनी मला चिमटा काढला. "हळू बोल गं बाई! ते कधी गेलेत इंदूरला?"

मी लाटणं हातात धरून तशीच उभी राहिले. एकदाही? एकदाही नाही. मग एवढं सगळं सांगतात कुठून? तेव्हा सासूबाईंनी मला ती सगळी व्यवस्था उलगडून सांगितली. जाणाऱ्याला बाबा माहिती देत, आणि आलेल्याला शेवेच्या पाकिटासकट बसवून घेऊन त्याची उलटतपासणी करत. कुठे उतरलात? रिक्षा कुठून केलीत? तो कचोरीवाला अजून तिथेच आहे का हलला? मालक स्वतः बसतो की मुलगा? आलेल्याकडून घ्यायचं आणि पुढच्याला द्यायचं. पुढे सासूबाई वारल्या, तरी व्यवस्था चालू राहिली. थापेबाज म्हणावं तर माहिती कधीच चुकीची नसायची. आणि पुणेरी माणसाच्या तोंडून "मला माहीत नाही" हे वाक्य तुम्ही ऐकलंय का कधी? मी तरी नाही.

बरं, माणूस अस्सल पुण्याचा. जन्म शनिवार पेठेतला, त्यांच्या वडिलांचाही तिथलाच. इंदूरहून नेमकं कोण आलं, कधी आलं, नोकरीसाठी आलं की भाऊबंदकीला कंटाळून आलं, घरात कुणाला ठाऊक नाही. बाबा दुपारी दाराची बेल बंद करून झोपणार. पाहुणा उठायच्या बेतात आला की "बसा हो" म्हणणार, पण दार उघडून धरून. मिसळीत बटाटा दिसला तर मालकाला बोलावून घेणार. आणखी काय पाहिजे?

पण त्यांना पुणेकर असं कुणी कधी म्हणालं नाही. आमच्या सोसायटीच्या फाटकाशी एक सिमेंटचा कट्टा आहे, शेजारी दोन बाक आहेत, तिथे संध्याकाळी ज्येष्ठ मंडळी जमतात. त्यात एक निवृत्त मुख्याध्यापक. त्यांना सगळे सर म्हणतात. त्यांच्या किती पिढ्या पुण्यात गेल्या हे ते न विचारता सांगतात. गणपतीच्या मिरवणुकीचा विषय निघो, नाहीतर नळाला पाणी कमी येण्याचा, बाबांनी मत दिलं की सर चष्म्यावरून बघणार आणि म्हणणार, "तुम्हाला नाही कळायचं ते. तुम्ही मूळचे बाहेरचे." एवढंच. आवाज चढवायचा नाही, हसायचं नाही. कोपऱ्यावर दुकान असलेले टेलरचाचा पण कट्ट्यावर असतात, त्यांचं घराणं भवानी पेठेत कितीतरी पिढ्यांचं. ते एकदा म्हणाले होते, "सर, मलाही लोक विचारतात मूळचे कुठले. मी सांगतो, भवानी पेठ. मग विचारतात, त्याच्या आधी? मी सांगतो, त्याच्या आधी मी नव्हतो." सगळे हसले, सर सोडून.

बाबाही हसण्यावारी न्यायचे. पण वर येऊन चपला काढताना त्यांचा चेहरा मी पाहिलेला आहे, आणि मला त्या सरांचा असा संताप यायचा की काय सांगू. मी हडपसरची, मलाही पेठेतल्या बायकांनी "म्हणजे गावाकडची" असं ऐकवलेलंच आहे. मला वाटतं, म्हणूनच बाबा ते इंदूर एवढं घट्ट धरून बसले होते. इथला म्हणून कुणी घेत नाही, तर निदान तिथला म्हणून तरी मान मिळावा, एवढीच त्यांची मागणी होती.

आणि तोच मान जायची वेळ आली. दिवाळी होऊन गेली होती. सोसायटीचे सेक्रेटरी जिन्यातूनच ओरडत वर आले. "बाबा, पार्टी द्या! तुमच्या गावची माणसं येतायत दुसऱ्या मजल्यावर. खास इंदूरची! मुलगा हडपसरला आयटीत आहे, आणि वडील आहेत, तुमच्याच वयाचे. जन्म इंदूरचा, सगळी हयात इंदूरची!"

"वा, वा," बाबा म्हणाले. "फारच छान." त्या दिवशी जेवताना त्यांनी आमटी दुसऱ्यांदा मागितली नाही, तेव्हाच मी ओळखलं.

दुसऱ्या दिवशी बाबांचा गुडघा दुखायला लागला. खाली जायचं नाव नाही. सकाळी उजवा दुखायचा, संध्याकाळी डावा. मी म्हटलं, "बाबा, एक कुठला तरी ठरवा, म्हणजे मला मलम लावायला बरं." त्यांनी दोन्ही पाय पुढे केले. माझा नवरा ऑफिसातून आला की विचारायचा, "काय झालंय त्यांना?" त्याला काय सांगणार? तो एकदा पुण्याच्या विमानतळावर इंदूरच्या विमानाची घोषणा ऐकून आपल्यालाच बोलावतायत म्हणून उठून उभा राहिला होता. त्याच्याकडून काय अपेक्षा करायची.

मग सरांनी निरोप पाठवला. रविवारी संध्याकाळी सगळे जमू, नव्या मंडळींची ओळख करून घेऊ. "आम्हालाही जरा ऐकू द्या दोन इंदूरवाल्यांच्या गप्पा," असं ते म्हणाल्याचं चाचांनी मला येऊन सांगितलं. बाबांनी ते ऐकलं, आणि चाचा गेल्यावर स्वयंपाकघरात येऊन हळूच म्हणाले, "सूनबाई, रविवारी आपण तुझ्या माहेरी जाऊ या का?"

इतक्या वर्षांत हा माणूस आपणहून हडपसरला निघालेला मी पाहिला नव्हता. मी गॅस बंद केला आणि त्यांना खुर्चीत बसवलं.

"तो एका मिनिटात ओळखेल गं," बाबा म्हणाले. "विचारेल, कुठल्या गल्लीतले? कुणाच्या शेजारचे? काय सांगू मी? लोक म्हणतील, म्हातारा इतकी वर्षं फेकत होता. आणि तो सर..." त्यांचे हात टेबलावर नुसते पडले होते. मला इतकं वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त राग आला. कुणाचा ते मात्र सांगता येईना.

मी ठरवलं, बघून तरी येऊ हा इंदूरवाला आहे तरी कोण. नवं बिऱ्हाड आलं की पहिल्या दिवसांत काहीतरी खायला नेऊन द्यायची आमच्याकडे पद्धतच आहे. मी पोहे केले, डब्यात भरले आणि दुसऱ्या मजल्यावर गेले. दारावर नवी कोरी लाकडी पाटी होती. ती मी वाचली. मग डबा दुसऱ्या हातात घेऊन पुन्हा वाचली. पाटीवर आमच्या शहराचं नाव होतं आणि पुढे तेच मराठी शेपूट.

दार एका वयस्कर काकांनी उघडलं. पांढरा झब्बा, कपाळावर गंध, चेहरा जरा घाबरलेला. मी ओळख सांगितली आणि राहवेना म्हणून विचारलंच, "काका, तुम्ही पुण्याचे?"

"नाही हो बेटा!" काका कळवळून म्हणाले. "इंदूरचा आहे मी. पणजोबांचे वडील का कोण ते पुण्याहून आले होते म्हणतात. तेव्हापासून हे नाव लागलंय पाठीमागे. मी तर पुणं आत्ता पहिल्यांदा बघून राहिलोय." मग त्यांनी दार लोटून घेतलं आणि आवाज खाली आणला. "खाली ते एक सर आहेत ना? त्यांनी लिफ्टमध्ये नाव विचारलं. सांगितलं, तर लगेच म्हणाले, कुठल्या पेठेतले? मी इतका घाबरलो की चौथ्या मजल्याचं बटण दाबलं. तेव्हापासून खाली उतरलोच नाही. मुलाला सांगितलंय, कंबर दुखते."

मला हसू आवरेना. पण काकांचं अजून संपलं नव्हतं. इंदूरला त्यांना सगळे पुण्याचे समजत. मुलांना इकडे कॉलेजला पाठवणारे आईबाप त्यांच्याकडे विचारायला येत. "आता नाही म्हणायला लाज वाटायची, बेटा," ते म्हणाले. "मी सांगायचो, स्वारगेटला उतरा. मोठा दगडी दरवाजा दिसेल, त्यातून आत गेलं की शहर. एक जण परत येऊन भांडला ना माझ्याशी! म्हणे, काका, तिथं दरवाजाच नाही, नुसत्या एसट्या आहेत. मी म्हटलं, पाडला असेल."

मी तिथेच सोफ्यावर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. काकाही हसायला लागले, जरा बिचकतच. मग मी डबा परत उचलला. "चला वर," मी म्हटलं, "पोहे आमच्याकडेच खायचे."

बाबांना टाळायची संधीच मिळाली नाही. त्यांनी घाईघाईने इस्त्रीचा शर्ट चढवला होता, त्याचं एक बटण चुकलेलं होतं. दोघे समोरासमोर बसले. "या, या," बाबा म्हणाले. "वा, वा," काका म्हणाले. मग दोघेही पंख्याकडे बघायला लागले. बाबा सावधपणे म्हणाले, "इंदूर आता खूप बदललं असेल." काका म्हणाले, "हो ना. पुणंही बदललं असेल." पुन्हा पंखा. हे असं रात्रीपर्यंत चाललं असतं. मला असल्या गोष्टी सहन होत नाहीत.

"बाबा," मी म्हटलं, "यांचं नाव पुण्याचं आहे आणि यांना पुण्यातलं ओ की ठो कळत नाही. काका, यांचं नाव इंदूरचं आहे आणि यांनी इंदूर बघितलेलं नाही. आता पोहे खा, गार होतायत."

दोघे माझ्याकडे बघत राहिले. मग एकमेकांकडे. बाबांचे कान लाल झाले होते. काकांनी झब्ब्याच्या खिशातून कागदाची एक पुडी काढली, उघडली आणि बाबांच्या पोह्यांवर तपकिरी मसाला भुरभुरला. बाबांनी एक घास खाल्ला. डोळे मिटले. "हे होय ते जिरावण?" ते म्हणाले. "आयला! किती लोकांना मी हे मागून घ्यायला सांगितलं!" काका म्हणाले, "बरोबरच सांगितलंत." मग मी बाबांना स्वारगेटचा दरवाजा सांगितला. बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला आणि मला पाठ थोपटावी लागली. बऱ्याच दिवसांनी आमच्या घरात कुणाचाही गुडघा दुखत नव्हता.

रविवारपर्यंत दोघांचा अभ्यास चालला. बाबा काकांना पेठा शिकवत होते, काका बाबांना गल्ल्या. डाव असा ठरला: बाबांनी इंदूरबद्दल बोलायचं आणि काकांनी "अगदी बरोबर" म्हणायचं. काकांना घराण्याची मूळ पेठ विचारली तर त्यांनी कसबा म्हणायचं, आणि कुणी आणखी खोलात गेलं तर खोकायचं. मी म्हटलं, "हे फार शहाणपणाचं दिसत नाहीये." पण माझं ऐकतो कोण?

रविवारी मी भाजीची पिशवी घेऊन मुद्दाम फाटकापाशी घुटमळत राहिले. सुरुवात झकास झाली. बाबा पोह्यांपासून सराफ्यापर्यंत आले, काका दर वाक्याला मान डोलावत होते, मंडळी खूश. मग सर काकांकडे वळले.

"तुमचं घराणं मूळचं कुठल्या पेठेतलं म्हणालात?"

"कसबा," काका म्हणाले.

"कसब्यात कुठे?"

काका खोकले. सर थांबले. खोकला संपल्यावर म्हणाले, "हं. कुठे?" काका पुन्हा खोकले.

"पाणी द्या त्यांना," सर शांतपणे म्हणाले. "पुण्याची हवा मानवत नाही असं दिसतंय. आश्चर्य आहे, नावाला तर मानवली." एकदोघे हसले. सरांना जोर आला. "नाही, म्हणजे पाटी आमच्या गावाची लावायची आणि गाव माहीत नाही, याला काय म्हणावं? उद्या कुणीही उठेल आणि पुणेकर होईल."

काकांचा चेहरा उतरला. मुलाच्या मागे परक्या गावात आलेला म्हातारा माणूस तो, हातात पाण्याचं भांडं धरून उभा. मी पिशवी खाली ठेवली, आता माझ्या तोंडून काय निघेल याचा मलाच भरवसा नव्हता. पण त्याआधी बाबा उठले.

"पुरे, सर," ते म्हणाले. "त्यांना पुणं माहीत नाही. आणि मला इंदूर माहीत नाही. मी कधी गेलेलोच नाही."

फाटकातून एक स्कूटर आत आली तिच्यासाठी सगळे बाजूला झाले, परत जागेवर आले. शेवटी सरच म्हणाले, "कधीच नाही? मग आम्ही तिथे जाऊन ज्या दुकानात कचोरी खाल्ली, ते तुम्हाला कुणी सांगितलं?"

"चाचांनी. ते कापडाच्या खरेदीला गेले होते तेव्हा."

"आणि मला कोणी सांगितलं होतं?" चाचा म्हणाले. "तुम्हीच ना?"

"मला सरांच्या मेव्हण्यांनी सांगितलं होतं," बाबा म्हणाले. "तुम्हीच सगळ्यांनी सांगितलं मला. मी फक्त लक्षात ठेवलं."

चाचा पहिल्यांदा हसले, मग सगळा कट्टा. हसणं वाईट नव्हतं, बाबांच्या पाठीवर थापा पडत होत्या. पण सरांना ते पचत नव्हतं. "तरीसुद्धा," ते म्हणाले, "मूळचे तुम्ही..."

"एकदा काय ते ठरवा, सर," बाबा म्हणाले. आवाज नेहमीसारखा खणखणीत नव्हता, आणि ते बाकाच्या पाठीला धरून उभे होते. "इंदूर मी बघितलेलं नाही आणि पुणं तुम्ही मला देत नाही. मग मी राहू कुठे?"

सरांनी आपली काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली, आणि बाकावर जरा बाजूला सरकले. एका बाजूला बाबा बसले, मग दुसऱ्या बाजूला काका. मी माझी भाजी घेऊन वर आले आणि स्वयंपाकघरात उभं राहून थोडी रडले. इतक्या वर्षांत बाबांच्या तोंडून "मला माहीत नाही" मी पहिल्यांदा ऐकलं होतं. त्या माणसाचा मला एवढा अभिमान त्याआधी कधी वाटला नव्हता.

त्या दिवसापासून दोघांची जोडी जमली ती जमलीच. बाबा काकांना तुळशीबागेत नेऊन आणायचे, मंडईत नेऊन आणायचे. स्वारगेटला नेऊन दरवाजा नसल्याची खात्री करून दिली. थंडीत काकांच्या पुतण्याचं लग्न निघालं, इंदूरला. काका वर येऊन म्हणाले, "आता तुम्ही चला. नाही म्हणायचं नाही." बाबा नाही म्हणालेच नाहीत. त्या रात्री त्यांनी आमटी दोनदा घेतली.

आम्ही त्यांना विमानतळावर सोडायला गेलो. बाबा पहिल्यांदा विमानात बसणार होते, म्हणून स्वेटर, वर जाकीट, वर मफलर. दारात ओळखपत्र बघणारा तरुण पोलीस होता. त्याने बाबांचं नाव वाचलं, तिकिटावर कुठे चाललेत ते वाचलं आणि हसून म्हणाला, "काय आजोबा, घरी चाललात?"

"नाही हो," बाबा म्हणाले. "घर बिबवेवाडीला. हे घरी चाललेत." आणि त्यांनी काकांना पुढे केलं. पोलिसाने काकांचं नाव वाचलं, तिकीट वाचलं, परत नाव वाचलं, आणि दोघांनाही हात जोडून आत सोडलं. माझा नवरा म्हणाला, "बाबांना काही त्रास तर होणार नाही ना?" मी म्हटलं, "इंदूरला झाला तर सांगता येत नाही." पण काचेतून ते दिसेनासे होईपर्यंत मी तिथून हलले नाही. मनात एकच धाकधूक, तिथे गेल्यावर या माणसाला कुणी ओळख दाखवली नाही तर? ज्या गावाचं नाव जन्मभर वागवलं, त्या गावाने साधं विचारलंसुद्धा नाही तर?

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला. मागे सनई, भांडी, माणसांचा कालवा.

"कसं आहे बाबा इंदूर?" मी विचारलं.

"मी सांगत होतो तसंच आहे!" बाबा ओरडले. "सगळं बरोबर निघालं. सराफ्याचीच तेवढी दुसरी नाही, तिसरी गल्ली आहे, ते आता सगळ्यांना कळवावं लागेल. पोहे खाल्ले. जिलबी खाल्ली. औषध घेतलंय, विचारू नकोस."

"आणि माणसं? माणसं विचारतात ना?"

बाबांचा आवाज एकदम वेगळा झाला. "अगं, गंमत सांगतो तुला. या घरातल्या सगळ्यांचं आडनाव पुण्याचंच ना. पण कुणी 'पुणेकर' म्हणून हाक मारली की सगळे माझ्याकडे बघतात. खरे पुणेकर, असं म्हणतात मला. खऱ्या पुणेकरांना खुर्ची द्या. खऱ्या पुणेकरांना विचारा, पंगत अशीच बसवायची का? काका बिचारे मागे उभे असतात, त्यांना कुणी विचारत नाही." ते हसत होते. "मला पुणेकर म्हणतात गं सूनबाई. इंदूरला."

मी नुसती हं हं करत राहिले.

"ऐक," बाबा म्हणाले. "संध्याकाळी खाली जा आणि सरांना सांग. जरा मोठ्याने सांग."

गेले ना! मी काय सोडते? संध्याकाळी कट्टा भरलेला होता. मी बाकासमोर उभी राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, खुर्चीपासून पंगतीपर्यंत. चाचांनी टाळी वाजवली. सर चष्म्यावरून माझ्याकडे बघत होते. त्यांनी चष्मा काढला, रुमालाने पुसला, परत लावला. मी उत्तराची तयारी करूनच गेले होते, चांगली दोनचार उत्तरं होती माझ्याजवळ.

"बरं," सर म्हणाले. "मग आमचे पुणेकर परत कधी येतायत?"

माझी सगळी उत्तरं वाया गेली. "परवा," मी म्हटलं, "दुपारच्या विमानाने."